माकडाचं वकीलपत्र

बिरबलाच्या हुशारीनं सर्वांत मोठा अन्याय कुणावर केला, असं विचारलं तर मी दरबारातल्या एकाही सरदाराचं नाव घेणार नाही. मी त्या माकडिणीकडे बोट दाखवेन. मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला ती एकदा तरी भेटलेली असते. रिकाम्या हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू सोडतात. मग पाणी सोडतात. पाणी कमरेला लागतं तशी ती पिल्लाला कडेवर घेते, गळ्याशी येतं तशी डोक्यावर घेते, आणि नाकातोंडात जायला लागतं तेव्हा त्याला पायाखाली घालून त्याच्यावर उभी राहते. बादशहा खूश, बिरबलाला इनाम, आणि तात्पर्य असं की स्वतःच्या जिवापुढे आईलासुद्धा कुणी प्रिय नसतं.

या खटल्यात बचावपक्षाला तोंडच उघडू दिलेलं नाही. हौदात त्या दोघांना कुणी टाकलं? पाणी कुणी सोडलं? काठावर अख्खा दरबार उभा होता. त्यातल्या एकालाही पाणी बंद करा म्हणावंसं वाटलं नाही. आणि एवढं सगळं होऊन स्वार्थी कोण ठरलं? माकडीण! आमच्या गुरुजींनी ही गोष्ट सांगून झाल्यावर "काय शिकलात?" असं विचारलं होतं. वर्ग एका सुरात "स्वार्थ" म्हणाला. मीही म्हणालो.

प्रत्यक्षात काय घडतं ते, जंगलात आणि देवळांच्या आवारात वर्षानुवर्षं बसून ज्यांनी माकडं पाहिली, त्यांनी लिहून ठेवलेलं आहे. पिल्लू मेलं तरी आई पुष्कळदा ते टाकत नाही. वानरांत आणि लाल तोंडाच्या माकडांत, दोन्हीकडे हे दिसलेलं आहे. मेलेलं पिल्लू घेऊन ती दिवसच्या दिवस फिरते, एक हात त्यात अडकलेला म्हणून उरलेल्या तिनांवर लंगडत चालते. कधी कधी ते वाळून कोळ झालं तरी सोडत नाही. जे मेल्यावरसुद्धा टाकत नाही, ते जिवंतपणी पायाखाली घालील, असं बिरबल म्हणतो म्हणून मानायचं का?

बिरबलाचा हौद निदान गोष्टीतला आहे. विसाव्या शतकातला हौद खरा होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात माकडांची पिल्लं आयांपासून तोडली आणि पिंजऱ्यात त्यांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, तिच्या छातीला दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, कोरडी. पिल्लं भूक लागली की तारेच्या आईकडे जायची, दूध प्यायची आणि परत येऊन कापडाच्या आईला बिलगायची. भीती वाटली तर थेट तिच्याकडेच. बाळाला आई हवी असते ती दुधापुरती, रडलं म्हणून उचललं तर लाडावतं, असं त्या काळचे मोठमोठे पंडित सांगत होते. त्यांची तोंडं या पिल्लांनी बंद केली. आज आपण बाळाला बिनदिक्कत कुशीत घेतो त्याचं थोडं श्रेय या पिल्लांना जातं, पण त्यांना स्वतःला मात्र मोठेपणी धड माकडांसारखं वागताही आलं नाही. आमच्या आजीला हे सगळं प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. पण तिला विस्कॉन्सिनला कोण बोलावणार?

दुसरी बदनामी टोप्यांची. टोपीवाला झाडाखाली झोपतो, माकडं टोप्या पळवतात, तो आपली टोपी फेकतो, माकडंही फेकतात. माकड म्हणजे नक्कल, हे आपल्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं. गंमत अशी की माकडं नक्कल करण्यात अगदी ढ असल्याचं अभ्यासकांना आढळलंय. समोरच्यानं केलं म्हणून तंतोतंत तसंच करायचं, ते निरुपयोगी दिसत असूनही करायचं, ही कला माणसाच्या पोरांची. लग्नात एका पाहुण्यानं ड्रोन उडवला की पुढच्या दहा लग्नांत ड्रोन उडतो. खरं माकड असतं तर त्यानं टोपी हुंगली असती, चावून पाहिली असती, खाण्यासारखी नाही म्हणून टाकून दिली असती आणि टोपीवाल्याच्या फडक्यातल्या भाकरीकडे मोर्चा वळवला असता.

पुढे जाण्याआधी अशील कोण ते स्पष्ट केलेलं बरं, कारण आपल्याकडे सगळ्यांना एकाच मापानं मोजतात. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, लांबलचक शेपटीचं ते वानर. त्याचा मुख्य आहार पानं. पानं पचवण्यासाठी त्याच्या पोटात कप्पे असतात आणि त्यातले जिवाणू पाला आंबवून देतात. तांबूस तोंडाचं, डोक्यावर मधोमध भांग पाडलेलं ते माकड. त्याच्या गालात पिशव्या असतात. आधी भरून घ्यायचं, मग सुरक्षित जागी जाऊन निवांत चावायचं आणि बिया थुंकत जायचं. या थुंकण्यातून रानात झाडं उगवतात. (आपल्या थुंकण्यातून काय उगवतं ते कोणत्याही जिन्याच्या कोपऱ्यात पाहावं.) हे भांगवालं माकड जगात फक्त दक्षिणेकडच्या भारतात सापडतं. उत्तरेचा ऱ्हीसस हा त्याचा चुलतभाऊ, अंगानं दणकट, आणि तो हळूहळू खाली सरकत यांचा मुलूख खातोय. आपल्याकडे फार झाली म्हणून आपण ज्यांच्या नावानं ओरडतो, ती ही भांगवाली माकडं आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदलेली आहेत. आपल्या अंगणात चार दिसली म्हणजे जगात खूप आहेत, असा आपला हिशेब.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. मी पुण्यात, भाऊ-वहिनी गावी. मे महिन्यात मी पडवीत बसून असतो आणि वहिनी खळ्यात काहीतरी वाळत घालत असते. आमसुलं, आंबोशी, कुरडया, जे काही असेल ते. वानरांचा कळप सकाळी परड्यामागच्या वडावर येतो आणि ऊन चढलं की शेवग्यावर. एकदा त्यात एक नुकतंच जन्मलेलं पिल्लू होतं. वानराचं पिल्लू पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते वानराचं वाटतच नाही: अंग काळपट, तोंड गुलाबी, कान डोक्याच्या मानानं फार मोठे. आई फांदीवर बसली होती आणि शेजारी तिघीचौघी येऊन खेटल्या होत्या. एकीनं पिल्लाचा पाय धरून हळूच ओढला. आईनं सोडलं. तिनं ते उलटं धरलं, सुलटं केलं, हुंगलं. तेवढ्यात दुसरीनं ते तिच्याकडून घेतलं. ही दुसरी वयानं लहान होती. पिल्लाला कुठून धरायचं तेच तिला समजेना. पिल्लू चिरकलं, तशी तिसरीनं काढून घेतलं. बारशाला जमलेल्या बायकांत बाळ जसं या मांडीवरून त्या मांडीवर जातं, तसंच ते चाललं होतं. आणि बाळंतीण? ती खुशाल पलीकडच्या फांदीवर जाऊन शेवग्याचा पाला ओरबाडत होती.

वहिनी कुरडया घालता घालता थांबली होती. म्हणाली, "बघितलंत भावजी? हिच्याकडे धरायला माणसं तरी आहेत. आमच्या सुनेनं बाळ खाली ठेवायचं कुणाकडे? मोबाइलकडे."

अभ्यासकांचं म्हणणं असं, की तरुण माद्या दुसरीच्या पिल्लावर आईपणाचा सराव करतात आणि तेवढ्या वेळात खऱ्या आईला पोटभर खाता येतं. वहिनीनं तेच अर्ध्या वाक्यात सांगितलं.

तिचं हे कौतुक फार टिकलं नाही. कळपातला मोठा नर वडावरून सुटला तो थेट स्वयंपाकघराच्या छपरावर. दोन कौलं फुटली. वहिनीनं हातातलं भांडं ठेवलं, पत्र्याचा डबा घेतला आणि ज्या शब्दांत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ते शब्द मासिकात छापत नाहीत.

त्या नराबद्दलही खरं ते सांगायला हवं. वकील झालो म्हणून अशिलाला संत ठरवणार नाही. वानरांच्या कळपात बहुधा एकच मोठा नर असतो आणि बाहेर टपलेल्या नरांपैकी कुणीतरी त्याला कधीतरी हुसकावतो. नवा नर गादीवर आला की काही वेळा आधीच्याची तान्ही पिल्लं मारून टाकतो. हे पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं ते आपल्या शेजारी, धारवाडला. युकिमारू सुगियामा नावाचे जपानी संशोधक १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या रानात वानरांमागे फिरत होते. नंतर सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडावर तेच पाहिलं आणि त्यावर पुस्तक लिहिलं. आणि या पुस्तकातही आयाच लढताना दिसतात. अंगानं बऱ्याच मोठ्या असलेल्या नरावर दोघीतिघी मिळून तुटून पडतात, त्यात म्हाताऱ्या माद्या पुढे. बिरबलानं अबूला एक चक्कर मारायला हवी होती.

आता फिर्यादीची बाजू. पुण्यात बसून माकडावर दया करायला काही लागत नाही. आमच्या शेजारचे बापूकाका मात्र दर वर्षी त्या दयेचं बिल भरतात. शहाळी कोवळी असतानाच माडावरून खाली येतात. हापूस एक चावा मारून टाकलेला असतो, म्हणजे माकडालाही पुरला नाही आणि पेटीतही गेला नाही. केळीचे घड, काजूची बोंडं, फणस, परसातली पडवळं, काही म्हणून सुटत नाही. बापूकाकांनी आवाजाचे फटाके उडवून पाहिले. पहिल्या दिवशी कळप नदीपलीकडे गेला, दुसऱ्या दिवशी शेजारच्या बागेत गेला, आठवड्यानं फटाका वाजला की माना वळवून बघायला लागला. मग त्यांनी पुण्याहून माझ्याकडून कापडी वाघ मागवला. मोठा, पिवळाधमक, काचेच्या डोळ्यांचा. तो काजूच्या बुंध्याशी बसवला, आणि खरोखर दोन दिवस वानरांनी वडावरून खाकरून खाकरून गाव डोक्यावर घेतलं. वाघ हलत नाही, गुरगुरत नाही, जेवायलाही जात नाही, हे त्यांच्या लक्षात आलं तसं एक अर्धवट वयाचं वानर येऊन त्याच्या पाठीवर बसलं आणि त्याचा कान खाऊन पाहू लागलं. "तुझा वाघ पुण्याचाच हो," बापूकाका मला फोनवर म्हणाले. "नुसता बसून असतो."

नुकसानभरपाई मिळते. म्हणजे मिळण्याची सोय आहे. पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं, "किती नारळ गेले?"

बापूकाका म्हणाले, "पन्नासेक तरी."

"दाखवा."

"अहो, गेलेले नारळ दाखवू कुठून?"

"मग गेले म्हणून कशावरून?"

हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात चालला असता. बापूकाकांनी चहा दिला आणि विषय संपवला. त्यांच्यापुढे उभं राहून "मुक्या जिवावर दया करा" असं म्हणायची माझी छाती नाही, आणि तुमचीही नसावी. पण संध्याकाळी ओटीवर बसल्यावर तेच म्हणाले, "पूर्वी ही इथं नसायची रे. वर सड्यापलीकडे रान होतं, उंबर, जांभळं, अळू, आटकं. ते सगळं तोडलंन लोकांनी. लाकूड गेलं ट्रकातून, जागेवर कलमं लागली. त्यांनी खायचं काय? आपल्या कलमांचे फोटो?" खोकीच्या खोकी फटाके उडवणाऱ्या माणसाला जे समजलं होतं, ते मला पुण्यात पुस्तकं वाचून समजलं.

माकडांशी कसं वागावं याचा विचार दिल्लीत फार वरच्या पातळीवर झालेला आहे. राजधानीतल्या सरकारी इमारतींत ऱ्हीसस माकडांनी बस्तान बसवलेलं. ती वानराला घाबरतात म्हणून पूर्वी साखळीला बांधलेली वानरं पहाऱ्याला ठेवत. वन्यप्राणी असा राबवता येत नाही, म्हणून २०१२ नंतर ते बंद पडलं. मग वानरांच्या जागी कोण? माणसं! २०१४मध्ये राज्यसभेत संबंधित खात्याच्या मंत्र्यांनी लेखी उत्तर दिलं की, वानराचा आवाज काढून माकडं पळवण्यासाठी चाळीस प्रशिक्षित तरुण नेमलेले आहेत. नोकरीच्या शोधातल्या तरुणांनी हे उत्तर कोणत्या भावनेनं वाचलं असेल? पुढे २०२३च्या जी-ट्वेंटी परिषदेच्या वेळी वानरांचे खऱ्याएवढे कटआउट रस्त्याकडेला उभे केले. कटआउट पाहून आमच्याकडचे कार्यकर्ते चळवळले असतील, पण खाली शुभेच्छुकांची नावं नव्हती.

खरा न्याय मात्र मराठवाड्यात झाला. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात बत्तीस एकर जमीन माकडांच्या नावावर आहे. विनोद नाही, २०२२मध्ये ही बातमी देशभर छापून आली. कुणी आणि केव्हा नोंद केली ते गावात कुणाला आठवत नाही, पण कागदावर जमीन गावच्या समस्त माकडांची. पूर्वी गावात लग्न लागायचं ते माकडांचा मान दिल्यावरच. ज्या महाराष्ट्रात सख्खे भाऊ बांधावरच्या एका बोराटीसाठी कोर्टाच्या तीन पायऱ्या झिजवतात, तिथं एवढी जमीन माकडांच्या नावावर राहिली, ही मला हनुमंताच्या उड्डाणाइतकीच थोर गोष्ट वाटते. अमेरिकेत माकडाला एवढं सुख नाही. तिथल्या कोर्टात इंडोनेशियातल्या एका माकडाच्या नावानं दावा गेला होता. त्यानं २०११मध्ये एका छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यातून स्वतःचाच फोटो काढला होता, दात दाखवून, झकास. प्रश्न असा की फोटोचा मालक कोण? २०१८मध्ये अपील कोर्टानं सांगितलं, कॉपीराइटसाठी माकड दावा लावू शकत नाही. त्याच्या वकिलांनी उपळ्याचा उतारा जोडला असता तर कोर्टाला विचार करावा लागला असता.

आणि याच उपळ्याच्या शेजारच्या जिल्ह्यात, बीडमधल्या माजलगाव तालुक्यात, लवूळ नावाच्या गावी २०२१च्या डिसेंबरात दोन वानरांना अटक झाली. आरोप खुनाचा. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून वानरांनी कुत्र्यांची पिल्लं उंचावर नेऊन टाकली, अडीचशे मारली, असं गावकरी सांगत होते. बघता बघता 'माकडांचा बदला' जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. वन विभागानं दोघांना धरलं आणि नागपूरला नेऊन रानात सोडलं. वानरं पिल्लं उचलून नेत होती आणि ती मरत होती, एवढं खरं. पण उचललेलं पिल्लू घेऊन वर जाऊन बसणं, त्याच्या केसांतून बोटं फिरवणं, याला बदला म्हणतात का? कुत्र्याचं पिल्लू फांदीला धरून बसू शकत नाही आणि पाल्यावर जगू शकत नाही, हे वानराला कुणी सांगितलेलं नव्हतं. अडीचशेचा आकडा कुणी मोजला, तेही कुणी विचारलं नाही. एका जिल्ह्यात जमीनदार, दुसऱ्या जिल्ह्यात खुनी. मधे साधं वानर म्हणून जगायला जागाच ठेवलेली नाही आपण.

तशी त्यांची आपल्याकडे बरीच देणी थकलेली आहेत. तुमच्या रक्तगटापुढे 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' लिहिलेलं असतं. तो आरएच घटक १९४०मध्ये सापडला तो ऱ्हीसस माकडाच्या रक्तावरून, आणि त्याची दोन अक्षरंही त्या माकडाच्याच नावाची. लायसन्सवर, ओळखपत्रावर आपण आयुष्यभर ते बिरुद मिरवतो. पोलिओची पहिली लस १९५५मध्ये आली. तिचा विषाणू माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवलेला होता. त्यासाठी विमानंच्या विमानं भरून माकडं भारतातून परदेशी जात. ती लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांतही वापरली जातात असं उघड झालं, तेव्हा १९७८मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारनं निर्यात बंद केली. मोरारजींबद्दल मराठी माणसाच्या मनात संयुक्त महाराष्ट्रापासूनचं काय काय आहे ते सर्वांना ठाऊक आहे, पण माकडांच्या बाजूनं त्यांच्या खात्यावर हे एक जमा धरावं लागेल. आणि सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला जो ताप २०१६पासून माणसांना धरतोय, त्याला सगळे माकडताप म्हणतात. तो पसरवते गोचीड. माकडं आणि वानरं त्या तापानं माणसाच्या आधी मरतात, आणि रानात पडलेलं मेलेलं माकड हीच साथ आल्याची पहिली खूण असते. स्वतः मरून आपल्याला सावध करायचं, आणि तापाला नाव आपलंच लावून घ्यायचं.

एवढं सगळं ऐकून तुमचं मन विरघळलं असेल आणि शनिवारी डझनभर केळी घेऊन ताम्हिणी घाट गाठावा असं वाटू लागलं असेल, तर माझं सगळं वकीलपत्र पाण्यात गेलं. कारण आपल्या दयेनं माकडांचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं बापूकाकांच्या फटाक्यांनी केलेलं नाही. ताम्हिणी, वरंध, माळशेज, कुठल्याही घाटात रविवारी उभं राहून बघा. गाडी थांबते, काच खाली येते, आतून वेफर्सची पिशवी बाहेर येते, पोरं टाळ्या पिटतात, आई म्हणते, "बघ, बाप्पाला खाऊ दिला." मागून दुसरी गाडी वळणावर येते आणि रस्त्याच्या मधोमध बसलेली माकडीण, पोटाला पिल्लू... पुढचं तुम्ही पाहिलेलं असेल, नसेल तर पाहू नका. रानातली फळं शोधायला दिवस जातो, इथं दोन मिनिटांत पोट भरतं, म्हणून कळप रान सोडून डांबरावर येऊन बसतो. पिल्लं तेच शिकतात. वानराच्या पाला पचवणाऱ्या पोटात बिस्किटं आणि पेढे गेले की त्या पोटाचं तंत्र बिघडतं. मारुतीला पेढा चालतो. वानराला चालत नाही.

आणि खायला मिळेनासं झालं की हीच माकडं पिशव्या ओढतात. मग तीच आई किंचाळते, "मेली चोरटी!" बालीमध्ये उलुवातु नावाच्या देवळातली माकडं यात फार पुढे गेलीत. ती पर्यटकांचे चष्मे आणि मोबाइल पळवतात आणि देवळाचा माणूस खाऊ घेऊन आला की त्या बदल्यात परत करतात. ज्या वस्तूला आपण जास्त जपतो ती हातात असेल तर अनुभवी माकडं साध्या खाऊवर तोडपाणी करत नाहीत, असं संशोधकांनी मोजून दाखवलंय. हा धंदा त्यांना रानानं शिकवला नाही. गिऱ्हाईक आपण होतो, म्हणून दुकान निघालं. जपानच्या कोशिमा बेटावर तर १९५३मध्ये एका वर्ष-दीड वर्षाच्या माकडिणीनं वाळूनं भरलेलं रताळं पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली. तिच्या सवंगड्यांनी उचललं, मग आयांनी. वयस्कर नर मात्र शेवटपर्यंत वाळूसकट खात राहिले. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषांविषयी मी इथं काहीही बोलत नाही. एवढंच म्हणतो की आपण जे समोर टाकू, ते ही मंडळी शिकतात.

तेव्हा दया करायचीच असेल तर ती अशी करा. माकड समोर आलं तर डोळ्यांत डोळे घालून हसू नका. रोखून पाहणं म्हणजे त्याच्या लेखी आव्हान असतं, आणि ते स्वतः दात दाखवतं ते बहुतेक वेळा घाबरून, तुमच्या सेल्फीवर खूश होऊन नव्हे. बापूकाकांसारख्यांच्या नुकसानीचे पैसे गेलेले नारळ न मागता मिळावेत म्हणून जमेल तिथं भांडा, कारण माणसाचं पोट जळत ठेवून रानातल्या जिवावर कुणी माया करत नाही. गावाकडे सड्यावर एखादा उंबर, एखादं जांभूळ उभं असेल तर कलमासाठी ते तोडू नका. आणि घाटात काच वर ठेवा, पिशवी डिकीत ठेवा, आणि ती डझनभर केळी घरी नेऊन त्यांचं शिकरण करा.